माझ्या तोंडातला बोळा

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटे उरली असताना माझ्याच घरच्या माणसाने माझ्या तोंडात बोळा कोंबला, त्या दिवसाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. एखाद्या वैऱ्याने हे केले असते तर मी समजू शकले असते. पण कोंबणाऱ्याच्या मनात माया होती, म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही आले नाही.

आधी माझी ओळख करून देते, नाहीतर माझे दुखणे तुम्हाला कळायचे नाही. साध्या गिटारीला सहा तारा असतात. मला चारच, पण चांगल्या सुतळीएवढ्या जाड. माझा आवाज खर्जातला. नाचणारे लोक मला ऐकत नाहीत, त्यांचे पाय मला ऐकतात. विजेच्या बास गिटारी बहुतेक भरीव लाकडाच्या असतात. मी मात्र अर्धी पोकळ आहे. माझ्या अंगात मधोमध, मानेपासून बुडापर्यंत, एक भरीव ठोकळा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी. त्या पोकळीला वरून दोन लांब, वळणदार फटी आहेत. त्या माझी तोंडे. दुकानात शेजारच्या भरीव गिटारी मला 'अर्धवट' म्हणून चिडवत. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण तर मी इतक्यांदा ऐकली आहे की आता कोणी म्हटली तर मीच पुढचे शब्द पुरवते.

मला घडवणारा कारागीर मूळचा खुर्च्या करणारा. माझी फळी निवडताना त्याने वखारीतल्या चाळीस फळ्यांवर बोटाची पेरे वाजवून पाहिली आणि प्रत्येकीला कान लावला. त्याची बायको दारातून म्हणाली, "एवढा कान माझ्या बोलण्याला लावला असता तर संसार सोन्याचा झाला असता." तो हसला नाही, कारण त्याने ते ऐकलेच नव्हते. अशा माणसाच्या हातून मी घडले, याचा मला अजून अभिमान वाटतो.

पण अभिमानाने गिऱ्हाईक येत नाही. सहा वर्षे मी दुकानातल्या खिळ्याला लटकून होते. एका बाजूने ऊन खाऊन माझा तपकिरी रंग विटला. मग एका दुपारी ती आली. चष्म्याच्या कारखान्यात ती भिंगे घासायचे काम करते. तिच्या बोटांची टोके सतत पाण्यात राहून पांढरी पडलेली होती. दुकानातला विजेचा बोर्ड त्या दिवशी बिघडला होता. भरीव गिटार विजेशिवाय डासासारखी कुणकुणते. मी अर्धी पोकळ, म्हणून विजेवाचूनही पुटपुटते. तिने मला मांडीवर घेतले, माझी पाठ तिच्या पोटाला टेकली, आणि तिने सर्वांत जाड तार छेडली. तिने डोळे मिटले. "ही पोटात बोलते," ती दुकानदाराला म्हणाली, आणि मी त्या खिळ्यावरून कायमची उतरले.

तिचा धाकटा दीर एका बँडमध्ये आवाजाची यंत्रे सांभाळायचा. त्यानेच तिला तिथे नेले. तो 'वहिनी' म्हणायचा म्हणून सगळा बँडच तिला वहिनी म्हणू लागला. फक्त मास्तर 'बाई' म्हणत. मास्तर म्हणजे बँडचे प्रमुख. ते अकॉर्डियन वाजवत, लोकांकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून. त्यांना मागे वळून पाहायची गरज वाटत नसे. टाच लाकडी फळ्यांवर आपटून ते आम्हाला इशारे द्यायचे. ढोल वाजवणाऱ्याला सगळे 'घड्याळ' म्हणत, कारण त्याचा ताल कधी पुढेमागे व्हायचा नाही. जेवायला मात्र तो नेहमी एक तास उशिरा यायचा.

ती आमची चांगली वर्षे होती. पण मास्तरांचे एक वाक्य तेव्हाही मला टोचायचे. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना कमी ऐकू येऊ लागले. एकदा ते चुकीच्या जागी शिरले, आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर त्यांना थांबवले. "कान गेला की वादक गेला," मास्तर म्हणाले. म्हाताऱ्यांनी क्लॅरिनेटचे जोड सोडवले, तुकडे पेटीत ठेवले आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी तिने मला इतके घट्ट धरले होते की तिच्या नखाचा ओरखडा माझ्या मानेवर उठला.

कारण मित्रांनो, तेव्हा तिचेही कान जाऊ लागले होते.

हे सर्वांत आधी तिच्या आईने ओळखले. आई तिच्याकडेच राहायची. आई एके काळी पेटीवर मुलांना गाणे शिकवायची. पण गेली बारा वर्षे तिला काहीच ऐकू येत नव्हते. आधी लोक तिच्याशी ओरडून बोलत, मग हातवारे करू लागले, आणि शेवटी बोलेनासेच झाले. ती ओठ वाचायची आणि न समजलेल्या गोष्टीला हसून मान डोलवायची. एका सकाळी मुलीने तिला चहा दिला, तेव्हा आई तिच्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "तूही आता माझ्या तोंडाकडे बघून ऐकतेस."

मुलीने कप ठेवला. "नाही गं आई. काहीतरीच."

"मला शिकवू नकोस. मी हेच करत होते. तुझ्या बाबांनासुद्धा दोन वर्षं कळू दिलं नव्हतं."

ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी आपटला की गुणगुणणारा एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटला आणि तिच्या कानाजवळ धरला. तिला काही ऐकू आले नाही. मग त्यांनी तोच चिमटा कानामागच्या हाडाला टेकवला, तर तिला लख्ख ऐकू आले. हे तिने घरी येऊन आईला सांगितले तेव्हा मी कोपऱ्यात उभी होते. कानातले एक बारीक हाड आखडले होते. ऑपरेशन करता येईल, डॉक्टर म्हणाले, पण शंभरात एखाद्याचे उरलेसुरलेही जाते. कानाला यंत्र लावले तर मास्तरांना दिसले असते. म्हणून तिने काहीच केले नाही. तिने फक्त मला आणखी जवळ घेतले.

आता मी तुम्हाला आमचे गुपित सांगते. माझी पोकळी नुसता माझाच आवाज धरत नाही. खोलीत ढोल वाजला की त्याचा दणका माझ्या तोंडांतून आत शिरतो आणि माझी पाठ थरथरते. ती थरथर तिच्या बरगड्यांना कळायची. मास्तरांची टाच तिला पायांतून कळायची, घड्याळाचा ढोल माझ्या पाठीतून, आणि माझा स्वतःचा सूर पोटातून. सूर लावायला तिच्याकडे दिव्याचे छोटे यंत्र होते. तार बरोबर लागली की हिरवा दिवा लागायचा. अशी ती तीन वर्षे वाजवत होती, आणि बँडमध्ये कोणाला पत्ता नव्हता. तिच्या दिरालाही नाही.

उलट तिची वाहवा व्हायची. माझ्यासारख्या पोकळ गिटारीची एक खोड असते. स्पीकरचा आवाज फार मोठा झाला की तो माझ्या पोटात शिरतो, मी तो पुन्हा बाहेर टाकते, तो पुन्हा आत येतो, आणि मग मी गाईसारखी हंबरू लागते. असे हंबरणे सुरू व्हायच्या आधीच तिचा तळवा माझ्या तारांवर येऊन पडायचा. कारण लोकांच्या कानांआधी तिच्या बरगड्यांना ते कळायचे. मास्तर नव्या वादकांना सांगत, "कान कसा असावा? बाईंसारखा." ती खाली बघून पट्टा नीट करायची, आणि मला हसावे की रडावे ते कळत नसे.

मग ते सभागृह आले. शहरातल्या मोठ्या सभागृहाला वर्षभर दर शनिवारी नाचासाठी एक बँड हवा होता. रविवारी दुपारच्या नाचाला आमचे वाजवणे व्यवस्थापक ऐकणार होते. शुक्रवारी आम्ही तालमीला गेलो. तिथे माणसापेक्षा उंच स्पीकर होते, आणि रंगमंचावर सिमेंटवर जाड गालिचा अंथरलेला होता. मास्तरांनी टाच आपटली. तिच्या पायांना काहीच कळले नाही. तिने पहिल्यांदा माझ्याकडे घाबरून पाहिले. आता तिचा सारा भार माझ्या एकटीच्या पोकळीवर आला होता.

आणि नेमकी त्याच वेळी मी हंबरले. त्या स्पीकरांपुढे तिचा तळवा पोचायला अर्धा क्षण उशीर झाला. सभागृहाच्या काचा थरथरल्या. झाडू मारणाऱ्या बाईने झाडू टाकून कान झाकले.

"बाई, हे पोकळ भांडं बदला," मास्तर म्हणाले.

त्यांनी तिथलीच एक भरीव गिटार तिच्या हातात दिली. ती दिसायला देखणी होती, कबूल करते. कानामागून आली आणि तिखट झाली, असे मला वाटले. पण ती गिटार तिच्या पोटाशी एक शब्दही बोलली नाही. दहा मात्रांतच तिचा ताल ढळला. घड्याळाने भुवया वर केल्या. मास्तर हळूहळू मागे वळले, आणि वळणारे मास्तर आम्ही फार क्वचित पाहिले होते.

"हातात बसत नाही माझ्या," ती घाईघाईने म्हणाली. "मास्तर, माझीच राहू द्या. मी सांभाळते तिला."

मास्तरांनी अकॉर्डियनचा भाता मिटला. "रविवारी एकदा जरी ती हंबरली," ते म्हणाले, "तर पुढच्या शनिवारी भरीव गिटार असेल, आणि ती वाजवणारा माणूसही दुसरा असेल."

तिने त्यांचे ओठ वाचले होते. यंत्रांमागे बसलेल्या दिराने मात्र ते कानांनी ऐकले, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी शिजू लागले.

रविवारी तिने मला दोनदा पुसले. रंगमंचामागच्या खोलीत हिरव्या दिव्यावर माझ्या चारही तारा लावल्या. मला पेटीत ठेवून ती तोंड धुवायला गेली. तेवढ्यात दीर आत आला. त्याच्या हातात खुर्चीच्या गादीतून फाडलेला पिवळा स्पंज होता. त्याने दार लोटले, स्पंजचे तुकडे केले आणि स्क्रू पिळायच्या हत्याराच्या दांड्याने ते माझ्या फटींतून आत ढकलू लागला. पोकळ गिटार हंबरू नये म्हणून असे करतात, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. त्यात त्याची चूक नव्हती. त्याची चूक वेगळी होती.

"आता गप्प बसायचं," तो मला म्हणाला. "वहिनीची जागा जाता कामा नये. तिला सांगितलं तर ती नको म्हणेल. तिचा जीव आहे तुझ्यावर."

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. अरे, तू तिचे कान बंद करतो आहेस! पण मी गिटार. कोणी छेडल्याशिवाय मला बोलता येत नाही. एक तुकडा, दुसरा तुकडा, सातवा तुकडा. डावी पोकळी भरली, मग उजवी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले. त्याने मायेने माझ्यावरून हात फिरवला आणि तो निघून गेला.

ती आली तेव्हा घंटा झाली होती. तिने मला गळ्यात अडकवले आणि तशीच रंगमंचावर गेली. समोर दीडशे जोड्या उभ्या होत्या. पहिल्या रांगेत व्यवस्थापक हाताची घडी घालून बसले होते. तिने माझी वायर जोडली, मास्तरांची पाठ ताठ झाली, घड्याळाने काठ्या उचलल्या.

पहिला सूर वाजला, आणि तिचे बोट तारेवरच थबकले. मी वाजले होते. तारांखालच्या चुंबकांनी माझा सूर स्पीकरपर्यंत पोचवला होता आणि सभागृहात तो सगळ्यांना ऐकू गेला होता. फक्त तिला नाही. माझी पाठ मेल्यासारखी पडून होती. तिने मला पोटाशी आवळले. पुन्हा आवळले. घड्याळाचा ढोल चार हातांवर वाजत होता आणि तिच्यापर्यंत त्यातला कणही पोचत नव्हता.

पहिले गाणे तिने डोळ्यांनी काढले. घड्याळाच्या खांद्याकडे बघत तिने बोटे चालवली. दुसऱ्या गाण्यात झांजेची मोठी थाळी मध्ये येऊन तो खांदा झाकू लागली. आम्ही मागे पडू लागलो, केसाएवढेच, पण नाचणाऱ्या पायांना केसही अडखळवतो. एका माणसाने बायकोच्या पायावर पाय दिला आणि उलट तिलाच ताल नाही म्हणाला. घड्याळ आता ढोल जोराने मारत होता. आपले काही चुकतेय का, अशी शंका त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा दिसली. मास्तरांच्या मानेची शीर फुगली.

आणि तिसरे गाणे पुढे उभे होते. त्या गाण्याच्या मधोमध मास्तर हात वर करायचे, आणि ढोल सोडून सगळी वाद्ये थांबायची. मग सोळा मात्रा फक्त ढोल आणि मी. जोड्या त्या सोळा मात्रांवरच गिरकी घ्यायच्या. तिथे ताल चुकला तर तो झाकायला कोणी नसते.

दुसरे गाणे संपताच टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या आडून तिने माझ्या अंगावरून हात फिरवला. काय झाले तुला, असे ती मला विचारत होती. तिचे बोट फटीत शिरले आणि स्पंजला लागले. तिने दुसऱ्या फटीत बोट घातले. तिथेही स्पंज. तिने मान वर करून यंत्रांमागे बसलेल्या दिराकडे पाहिले. त्याने हसून अंगठा वर केला. तिच्या जागेसाठी किती मोठे काम केले, या आनंदात तो होता.

तिला त्याचा राग आला नसेल का? आला. मला तो तिच्या बोटांत जाणवला. पण रागावायला वेळ नव्हता. मास्तरांनी अकॉर्डियनचा भाता उघडला, आणि तिसरे गाणे सुरू झाले.

तिने चार मात्रा वाजवल्या, आठ वाजवल्या. मग तिने असे काही केले जे त्या बँडमध्ये कोणी कधी केले नव्हते. आम्ही सगळे रंगमंचावर उभे राहूनच वाजवायचो, मास्तरांचा तसा नियम होता. ती वाजवत वाजवतच मागे सरकली. ढोलाच्या शेजारी वायरींची लाकडी पेटी पडली होती. ती तिच्यावर बसली, लोकांकडे जवळजवळ पाठ करून. तिने माझा माथा मोठ्या ढोलाच्या लाकडी कड्याला टेकवला. मग ती सुईत दोरा ओवणाऱ्या बाईसारखी खाली वाकली आणि तिने आपला जबडा मानेच्या मुळाशी, माझ्या खांद्यावर दाबून धरला.

माझ्या पोकळीत बोळे होते, पण माझा मधला ठोकळा भरीव होता. त्यात कोणी काही कोंबू शकत नव्हते. घड्याळाने ढोल मारला. तो दणका कड्यातून माझ्या माथ्यात, माथ्यातून मानेत, मानेतून ठोकळ्यात उतरला, आणि तिथून तिच्या हाडात शिरला. माझ्या खांद्याला तिचे दात कडकडल्याचे कळले. तिला ऐकू आले होते. तीन वर्षांत आले नव्हते इतके लख्ख, ढोलही आणि मीही.

मास्तरांचा हात वर गेला. सगळे थांबले. सोळा मात्रा आम्ही दोघे चाललो, घड्याळ आणि मी, आणि आमच्यामध्ये सुताचाही फरक नव्हता. दीडशे जोड्या एकदम फिरल्या. तिच्या कपाळाचा घाम माझ्या रंगावर ठिबकत होता. हात खाली करताना मास्तर मागे वळले, आणि पेटीवर वाकलेली, गिटारीला जबडा लावलेली बाई त्यांना दिसली. पुढची सगळी गाणी ती तशीच वाजवत राहिली. मास्तर प्रत्येक गाण्यात एकदा तरी मागे वळून पाहत होते.

कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापक आत आले. बँड पसंत होता. "ती बसून वाजवायची नवी पद्धत आहे का?" त्यांनी विचारले. "छान दिसतं." ते गेले. खोलीत आम्ही घरचेच उरलो.

ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत होती. मी तिच्या पाठीवर होते, म्हणून मला मागचे सगळे दिसत होते. मास्तर तिच्या मागे दहा पावलांवर येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले.

ती वायर गुंडाळत राहिली.

"बाई, इकडे बघा."

घड्याळाने काठ्या खाली ठेवल्या. दीर हसत आत येत होता, तो दारातच थांबला. मी जिवाच्या आकांताने तिच्या पाठीला लागून राहिले, पण माझ्या पोटात बोळे होते. मास्तरांनी एकदा श्वास घेतला आणि नेहमीच्या आवाजात, शांतपणे म्हणाले, "बाई, खोलीला आग लागली आहे."

तिने वायरीचे शेवटचे वेटोळे नीट बांधले, गाठ मारली, आणि वळली. समोर तीन माणसे तिच्याकडे बघत होती. त्यांचे चेहरे वाचायला ओठांची गरज नव्हती.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारले.

"तीन वर्षं झाली." तिचा आवाज जरा मोठाच निघाला. "मला ढोल या गिटारीतून कळतो. आज हिच्या तोंडात स्पंज होता, म्हणून जबडा लावला. आता सांगा काय ते."

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी," तो पुढे येऊन म्हणाला, "मला सांगायचं तरी."

"तुम्ही विचारायचं तरी, भावजी."

मास्तर खुर्चीवर बसले. अकॉर्डियन अजून त्यांच्या छातीवर होते. 'कान गेला की वादक गेला' हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारले नाही, पण सगळ्यांना ते ऐकू येत होते, तिलासुद्धा. ती माझा पट्टा गळ्यातून काढू लागली. म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्यांनी जसे तुकडे पेटीत ठेवले, तसे मला ठेवायचे तिने ठरवले होते.

"थांबा," मास्तर तिच्यासमोर तोंड करून म्हणाले. ते सावकाश बोलत होते, ओठ नीट हलवून. "तीन वर्षं तुम्ही माझ्या पाठीमागे वाजवत होतात. मी एकदा वळून बघितलं नाही. लोकांना सांगत होतो, कान असावा तर बाईंसारखा." ते स्वतःशीच कडवट हसले. "मग कान कोणाचा गेला होता?"

मास्तरांनी भात्याचा पट्टा बंद केला. "शनिवारी चारला या. आणि ती पेटी ढोलाजवळच ठेवा. मी यापुढे तिरका उभा राहीन." क्लॅरिनेटवाल्यांचा विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही, नंतरही नाही. ते त्यांचे त्यांच्यापाशी.

दुसऱ्या दिवशी दीर चिमटा घेऊन घरी आला. जेवणाच्या टेबलावर मला उताणी निजवून तो एकेक तुकडा बाहेर काढू लागला. आत ढकलायला पाच मिनिटे लागली होती, काढायला सकाळची दुपार झाली. दर तुकड्याला तो "माफ कर" म्हणत होता, मला की तिला ते कळत नव्हते. आई समोर बसून नेहमीसारखी हसून मान डोलवत होती. काय चालले आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

शेवटचा तुकडा निघाल्यावर तिने मला मांडीवर घेतले आणि खुर्ची आईच्या अगदी जवळ ओढली. "आई," ती ओठ हलवत म्हणाली, "हिच्या खांद्यावर हनुवटी टेक."

"मला कशाला? मला काय कळणार आता?"

"टेक तर."

आईने कुरकुरत वाकून हनुवटी टेकवली. तिचा जबडा हलका होता, तिच्या मुलीच्या निम्म्यानेही वजन नसेल त्याला. मुलीने एकामागून एक चारही तारा छेडल्या, सावकाश. आईचे हसू थांबले. बारा वर्षे चेहऱ्यावर बसलेले ते न समजणारे हसू, एकदम गळून पडले. तिने दोन्ही हातांनी मला धरले. मी घाबरले. दिराने चिमटा खाली ठेवला. मुलगी वाजवायची थांबली, तर आईने तिच्या मनगटावर चापट मारली. ती पुन्हा वाजवू लागली.

आम्हाला वाटले आता ती रडेल. आईने डोळे उघडले, कपाळाला आठ्या घातल्या आणि शिकवणी घेणाऱ्या बाईच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "तिसरी तार उतरलीय. हे असं वाजवता तुम्ही लोकांसमोर?"

दिराने धावत जाऊन दिव्याचे यंत्र आणले. हिरवा दिवा लागला नाही. तार खरोखर उतरली होती. तो खुंटी पिळू लागला, आणि आई हनुवटी न उचलता सांगत राहिली, "अजून. अजून थोडी. हं, पुरे."

तर मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. माझा रंग उडाला आहे, खांद्यावर दोन जबड्यांच्या खुणा आहेत, आणि स्पंजचा एक पिवळा कण अजून आत कुठेतरी घरंगळतो. तुमच्या घरात एखादे वाद्य असेल, एखादी गप्प बसलेली आजी असेल, तर तिच्या भल्यासाठी काही करण्याआधी तिला विचारा. उत्तर लवकर आले नाही तर आणखी जवळ जा. आणि विचारल्यावर एवढे मात्र लक्षात ठेवा, ती तुमचे आभारच मानेल असे नाही. ती तुमची चूकही काढेल. ती काढू द्या, आणि तार नीट लावा.